पणजोबांचं नाव जुन्या पेपरात सापडलं तर?

मैत्रिणींनो, घराण्याची माहिती सांगायला बसलं की आपल्या सासूबाई, आजेसासूबाई काही नावं अगदी ठसक्यात घेतात. अमक्यांनी देवळाला शेत दिलं, तमक्यांच्या दारात दहा बैल होते, फलाणे पंढरीच्या वाटेवर वारले. आणि मग मध्येच एक नाव येतं अन् आवाज खाली जातो. “ते परागंदा झाले.” “त्यांना काळं पाणी झालं म्हणतात.” “त्यांचं काही विचारू नकोस बाई.” लेकीबाळींनी पुढं विचारलं की उत्तर ठरलेलं, “जा, चुलीवरचं दूध बघ आधी!”

आमच्या युसूफ वडगावात बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला, तो एका सोयरिकीवरून. मुलगी शिकलेली, वळणाची. मुलाकडच्यांना सगळं पसंत. पण कुणीतरी कानात सांगितलं, ‘त्यांचा पणजा दरोडेखोर होता, निजामाच्या काळात जेलात होता.’ झालं! बोलणी थांबली. घरातल्या म्हातारीला विचारलं तर ती एवढंच म्हणे, “जेलात व्हता, खरंय. कशापायी ते नाय ठाव.” दरोडा घातला होता, की सत्याग्रह केला होता, की नुसत्या वहिमावर धरून नेलं होतं? घरात कुणालाच सांगता येईना. तेव्हा ती मुलगी म्हणाली, “काकू, त्या वेळचे पेपर कुठं असतील ना? मला बघायचंय.”

तिच्यासाठी म्हणून मी माहिती जमवायला लागले आणि लक्षात आलं, हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. म्हणून आज तुमच्यापुढं मांडते.

गुन्हा ठरवला कुणी?

पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची. जुन्या पेपरात ‘दरोडा’ असा शब्द दिसला म्हणजे तो आजच्या अर्थानं दरोडाच असेल असं नाही. वासुदेव बळवंत फडके यांचं नाव आज शाळेच्या पुस्तकात आद्य क्रांतिकारक म्हणून येतं. पण १८७९ साली सरकारी कागदात ते होते दरोडेखोर. रामोशी साथीदार घेऊन त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या धामारी गावावर छापा घातला, सावकारांचे पैसे लुटले. सरकारनं त्यांना पकडण्यासाठी इनाम लावलं. जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि १८८३ च्या फेब्रुवारीत एडनच्या तुरुंगात ते गेले. त्या वेळच्या मराठी पेपरांनी त्यांच्याबद्दल जपून लिहिलं, कारण एकच वर्ष आधी, १८७८ साली, देशी भाषांतल्या पत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आला होता. संपादकाच्या डोक्यावर टांगती तलवार असताना तो ‘शाबास’ कसं छापणार?

आपल्या मराठवाड्याचं तर आणखी वेगळं. आपण १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात. मुक्तिसंग्रामात आपल्या माणसांनी शिंदीची झाडं तोडली, करोडगिरीचे नाके जाळले, सरहद्दीवरच्या कॅम्पांतून येऊन ठाण्यांवर हल्ले केले. ३० जानेवारी १९४८ ला नांदेडकडच्या उमरीची बँक लुटली, लढ्याला पैसा पाहिजे म्हणून. निजामाच्या पोलिसांच्या दप्तरात ही सारी कामं म्हणजे लूट, जाळपोळ, दरोडा. आपल्या दृष्टीनं तो स्वातंत्र्याचा लढा. माणूस तोच, काम तेच. लिहिणारा कोण, यावर शब्द बदलतो.

पण म्हणून प्रत्येक जेलात गेलेला पणजा स्वातंत्र्यसैनिकच होता, असंही मानू नका. आपल्याच बीड जिल्ह्यानं त्याची उलटी तऱ्हाही पाहिलीय. स्वातंत्र्यसैनिकाची पेन्शन, मुलानातवंडांना सवलती मिळतात म्हटल्यावर कितीतरी बनावट स्वातंत्र्यसैनिक उभे राहिले. न केलेल्या लढ्याचे कागद जोडले गेले. चौकशा झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि २००५ साली तिथं निकाल लागला. बघा कशी गंमत! एका घरात आजोबांची खरी जेल लपवायची, दुसऱ्या घरात खोटी जेल मिरवायची. दोन्हीवर उपाय एकच, कागद शोधा आणि नीट वाचा.

जन्मानंच गुन्हेगार

काही घरांत तर एका माणसाचा नव्हे, अख्ख्या जातीचाच ‘गुन्हा’ लिहून ठेवलाय. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तरेकडं होता, पुढं १९११ च्या कायद्यानं त्याची व्याप्ती वाढली. आपल्याकडचे पारधी, कैकाडी, भामटा, मांग गारुडी अशा कितीतरी जमाती या यादीत आल्या. म्हणजे बाळ जन्माला आलं की गुन्हेगार! त्यानं काही केलंय का, हा प्रश्नच नाही. बोटांचे ठसे घ्यायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत केली. त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात.

स्वातंत्र्य मिळालं तरी ही माणसं मोकळी झाली ती ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून त्यांना ‘विमुक्त’ म्हणतात आणि तो दिवस ते विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला, पण मनातली यादी गेली का? गावात चोरी झाली की पहिली नजर कुठल्या वस्तीकडं वळते, हे तुम्हाला मी सांगायला नको. वस्तीवरच्या बाया सांगतात, “ताई, कुत्रं भुकलं तरी छातीत धस्स होतंय.”

अशा घरातल्या मुलीनं जुना पेपर उघडला तर तिला काय दिसेल? ‘अमुक जातीचे चार इसम संशयावरून पकडले.’ नाव नाही, गाव नाही, फक्त जात. अशी बातमी वाचताना तिनं मान खाली घालायचं कारणच नाही. मान खाली घालायची असेल तर ती ज्यांनी अख्खी जमात वहिमात टाकली त्यांनी.

आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या लक्ष्मण गायकवाड यांनी हे धाडस केलं. ‘उचल्या’ या आत्मकथनात त्यांनी आपल्या जमातीचं, आपल्या घरातलं चोरीवरचं जगणं झाकून न ठेवता लिहिलं. पोटासाठी चोरी आणि चोरीसाठी मार, हा फेरा कसा असतो ते लोकांना पहिल्यांदा घरातल्या माणसाकडून कळलं. १९८८ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. घराण्याचा ‘डाग’ त्यांनी धुतला नाही, त्याच्यावर उजेड पाडला. दोन्हींत फार फरक आहे.

आणि आपल्या आज्या, पणज्या?

आतापर्यंत पुरुषांचंच बोललो. पण ज्या नावापाशी सगळ्यांत जास्त गप्प बसतात, ते नाव बहुतेक वेळा बाईचं असतं. वंशावळीतसुद्धा ते लिहिलेलं नसतं.

पुण्यात काशीबाई नावाची एक तरुण विधवा होती. महात्मा फुल्यांचे स्नेही गोवंडे यांच्याकडं ती स्वयंपाकाला होती. तिला फसवलं गेलं, दिवस गेले. लोकलाजेपायी तिनं जन्मलेलं मूल मारलं आणि विहिरीत टाकलं. खटला चालला आणि तिला जन्मठेप झाली, अंदमानची. ज्यानं फसवलं तो मोकळाच. फुल्यांनी पुढं १८८४ साली ही हकिकत लिहून ठेवली, म्हणून आपल्याला कळते. पण जोतीराव आणि सावित्रीबाई नुसते हळहळत बसले नाहीत. १८६३ साली त्यांनी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी इथं येऊन गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवावं, अशी पत्रकं लावली. १८८४ पर्यंत तिथं पस्तीस जणी आल्या. पस्तीस जणींवर काशीबाईसारखी वेळ आली नाही, असंच नाही का म्हणायचं?

दुसरी बाई सुरतेकडची, विजयालक्ष्मी. तीही विधवा, तिच्यावरही बालहत्येचा खटला. १८८१ साली तिला फाशी सुनावली. पुढं फाशीची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि शेवटी ती पाच वर्षांवर आली. पेपरांतून मोठी चर्चा झाली. आणि चर्चा कशाची? तर विधवांच्या वागण्याची, एकूण बायकांच्या नीतीची! ‘पुणे वैभव’ पत्रानं बायकांवर तोंडसुख घेतलं. ते वाचून बुलढाण्याची एक बाई पेटून उठली. ताराबाई शिंदे त्यांचं नाव. त्यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. दोष सारे बायकांच्याच पदरात का, पुरुष काय धुतल्या तांदळासारखे आहेत का, असा त्यांचा रोखठोक सवाल. गंमत म्हणजे ते पुस्तकही पुढं विस्मरणात गेलं होतं. स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ साली पुन्हा छापलं. जुन्या कागदात हात घालणारा माणूस भेटला नसता तर ताराबाई आपल्याला कळल्याच नसत्या.

आता विचार करा. कुणाला आपल्या पणजीचं नाव अशाच एखाद्या खटल्यात सापडलं, तर पेपरात तिच्याबद्दल चार ओळी असतील, आणि त्याही तिला नावं ठेवणाऱ्या. तिचं वय काय होतं, तिला कुणी फसवलं, घरातून कुणी बाहेर काढलं, हे त्या चार ओळींत नसणार. ते आपण आपल्या मनानं विचारायचं. बाईचं दुःख बाईनं नाही वाचायचं तर कुणी वाचायचं?

शोधायचं कुठं?

हे सगळं ठीक, पण केज, माजलगाव, धारूरच्या बाईनं शोधायचं तरी कुठं? मला कळलं ते क्रमानं सांगते.

सुरुवात घरातून. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून वहीत लिहून घ्या. त्यांना साल सांगता येत नाही, पण खूण सांगता येते. ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’, ‘थोरलीच्या लग्नाच्या साली’, ‘प्लेगात गाव रानात गेलं तेव्हा’. त्या खुणांवरून साल काढता येतं.

मग गावांची नावं. जुन्या कागदात बीड ‘भीर’ असतं आणि अंबाजोगाई ‘मोमिनाबाद’. आजच्या नावानं शोधलं तर हाती काही लागायचं नाही. निजामाच्या कागदात साल असतं फसली. त्यात ५९० मिळवले की इंग्रजी साल साधारण येतं. म्हणजे १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. आणि १८८४ नंतर निजामाच्या राज्याचा कारभार उर्दूतून. तेव्हा गावातल्या उर्दू वाचणाऱ्या एखाद्या जुन्या गुरुजींना, मौलवींना मान देऊन बोलवा. मोडीसाठीही जाणकार गाठा.

पेपरांचं म्हणाल तर निजामाच्या राज्यात मराठी पत्र काढणं सोपं नव्हतं. हैदराबादहून १९२० साली ‘निजाम विजय’ सुरू झालं. पण आपल्याकडच्या कितीतरी बातम्या पुण्या-सोलापूरच्या पेपरांतून छापून येत. जुने अंक पाहायला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, पुण्यात केसरीवाडा आहे. राज्याच्या पुराभिलेख विभागाची दप्तरं मुंबई, पुणे, छत्रपती संभाजीनगर इथं आहेत. निजामाच्या राज्याचे मूळ कागद हैदराबादच्या पुराभिलेखागारात. मूळ पेपर नष्ट झाला असला तरी एक वाट असते. इंग्रज सरकार देशी पेपरांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला करून ठेवायचं, पेपरवाले काय लिहितात यावर डोळा ठेवायला. डोळा ठेवला त्यांनी, उपयोग झाला आपला!

जायच्या आधी पत्र किंवा फोन करून वेळ, नियम, ओळखपत्र काय लागतं ते विचारा. वही आणि शिसपेन्सिल न्या. जुना कागद पापडासारखा असतो, हातानं चुरतो, म्हणून सांगतील तसाच हाताळा. फोटो काढायचा तर परवानगी घेऊनच.

पोलिसांचे आणि तुरुंगाचे जुने कागदही आता वेगळ्या कारणानं उजेडात आलेत. २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली. तिनं तपासायच्या कागदांच्या यादीत जन्म-मृत्यूच्या, शाळेच्या आणि महसुली नोंदींबरोबर गुन्हे रजिस्टर, अटक पंचनामे, कच्च्या कैद्यांच्या नोंदवह्यासुद्धा होत्या. कारण अटक करताना माणसाची जात लिहायचे. ज्या कागदाची लाज वाटायची तोच कागद लोक आता दिवा घेऊन शोधायला लागले. काळाचा महिमा, दुसरं काय!

वाचायचं कसं?

सापडलं की लगेच रडू नका आणि लगेच नाचूही नका. आधी बघा, बातमी अटकेची आहे की शिक्षेची. पेपरात अटक मोठ्या अक्षरांत येते आणि ‘निर्दोष सुटला’ हे कोपऱ्यात येतं, किंवा येतच नाही. म्हणून पुढच्या सहा महिन्यांचे अंकही चाळा. ‘आरोपीनं पोलिसांपुढं कबुली दिली’ असं असेल तर सावध व्हा. पोलिसापुढच्या कबुलीला १८७२ च्या पुरावा कायद्यानंसुद्धा कोर्टात किंमत दिली नव्हती, आणि आजच्या कायद्यातही नाही. मारून कबूल करून घेता येतं, हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसरं, नाव तेच म्हणजे माणूस तोच, असं नाही. एका गावात चार मारुती आणि पाच दगडू असायचे. बापाचं नाव, गाव, वय जुळल्याशिवाय आपला म्हणू नका. तिसरं, ते वर्ष कसलं होतं ते बघा. दुष्काळाच्या साली धान्याचं पोतं चोरणारा आणि सुकाळात वाट अडवणारा, यांत फरक करायलाच पाहिजे. आणि शेवटचं, ज्याच्या घरी चोरी झाली, ज्याचं माणूस गेलं, त्या घराचीही एक बाजू असते. आपला पणजोबा म्हणून त्याचं सगळं पांघरूणाखाली घालायचं, हेही बरोबर नाही. खून तो खूनच.

सापडल्यावर काय?

ऑस्ट्रेलियात काय झालं बघा. इंग्लंडनं १७८८ ते १८६८ या ऐंशी वर्षांत तिथं दीड लाखाहून जास्त कैदी नेऊन टाकले. कुणी भाकरी चोरली म्हणून, कुणी कापड चोरलं म्हणून. त्यांच्या पोरानातवांनी कितीतरी वर्षं हे लपवलं. आता तेच वंशज जुने पेपर काढून पणजोबांचं नाव हौसेनं शोधतात. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जुने पेपर संगणकावर फुकट वाचायला ठेवलेत. आपल्या अंदमानातही कैद्यांच्या वंशातली घरं आहेत, त्यांना ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. शिक्षा भोगलेल्या बायकापुरुषांनी तिथंच लग्नं केली, जातपात, प्रांत मागं राहिला आणि नवा समाज उभा राहिला. ती माणसं आज शिक्षक आहेत, नोकरदार आहेत, दुकानदार आहेत. रक्तात गुन्हा असता तर असं झालं असतं का?

आमच्या गावच्या त्या मुलीचा शोध अजून चालू आहे. पण सोयरीक मात्र जमली! जमवली ती मुलाच्या आजीनं. बैठकीत सगळे कुजबुजत होते तेव्हा ती म्हातारी ठणकावून बोलली, “आरं, पणज्याचं काय धरून बसलाव? आमच्याबी घरात एक व्हताच की! पोरगी बघा, पोरीची रीत बघा.” सगळे हसले आणि सुपारी फुटली. मुलीनं मात्र एक अट घातली, लग्नानंतरही हे शोधायचं काम मी सोडणार नाही. मुलगा म्हणाला, “मग आमच्या घरचाही शोध तूच.”

मला या मुलीचं कौतुक वाटतं ते यासाठी, की तिला पणजोबांना निर्दोष ठरवायचं नाही. तिला फक्त खरं काय ते पाहिजे. स्वातंत्र्यसैनिक निघाला तर अभिमान, दरोडेखोर निघाला तर तेही कबूल. निदान कुजबुज तरी संपेल. अर्धवट माहितीवर कुजबुज वाढते आणि तिचा फटका बसतो तो लेकीबाळींना. सोयरीक मोडते ती मुलीचीच, पणजोबाचं काय मोडायचं राहिलंय?

तेव्हा मैत्रिणींनो, या दिवाळीला माहेरी गेलात की आजीजवळ वही घेऊन बसा. जे नाव घेताना तिचा आवाज खाली जातो, नेमकं तेच नाव विचारा. ती “चुलीवरचं दूध बघ” म्हणाली तर दूध उतरवून या, आणि पुन्हा बसा.